पदवीधर बुजगावणं

आमच्या विमानतळावर पक्षी हुसकावण्यासाठी एक स्वतंत्र पद आहे, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हसतो. उतरत्या विमानाच्या इंजिनात एखादं कबूतर सापडलं तर काय होतं, हे ज्यानं पाहिलं आहे तो हसत नाही. दोन वर्षांपूर्वी त्या पदावर एक मुलगा रुजू झाला. प्राणिशास्त्राचा पदवीधर, पहिला वर्ग, वय बावीस. आस्थापनेचं काम माझ्याकडे असल्यामुळे त्याचे कागद माझ्या टेबलावर आले. 'छंद' या रकान्यात त्यानं लिहिलं होतं, पक्षीनिरीक्षण.

मी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "कामाचं स्वरूप वाचलंत ना?"

"वाचलं, काका." मला पहिल्या भेटीत काका म्हणणारा तो पहिलाच उमेदवार. "तिथे पक्षी असतात, एवढं कळलं."

काम सकाळी सहा ते दुपारी दोन. उघडी जीप, जीपवर कर्णा, कर्ण्यातून घाबरलेल्या पक्ष्यांच्या ओरडण्याचं रेकॉर्डिंग, आणि कमरेला नुसता आवाज करणारं पिस्तूल. प्रत्येक विमानाच्या आधी धावपट्टीला एक फेरी मारायची, गवतात काही बसलेलं दिसलं की उठवायचं, आणि पट्टी मोकळी झाल्याचं टॉवरला कळवायचं. आमच्या बंबवाल्यांच्या प्रमुखाला सगळे दादा म्हणतात. त्यांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं बारसं उरकलं. "शेतातलं बुजगावणं अडाणी असतं. आपलं फर्स्ट क्लास आहे." तेव्हापासून तो पदवीधर बुजगावणं झाला. त्यानं रागवायला हवं होतं, म्हणजे नाव चिकटलं नसतं. तो हसला.

घरी निराळीच तऱ्हा. आई शेजारीपाजारी सांगायची, "मुलगा विमानतळावर असतो," आणि पुढचं सांगायची नाही. त्यामुळे एका मावशीनं त्याला तिकीट स्वस्तात मिळेल का म्हणून विचारलं, आणि दुसरीनं तो विमान चालवतो असं धरून एक स्थळ आणलं. ताईला मात्र सगळं ठाऊक होतं. ती फोनवर म्हणायची, "इतकी वर्षं पक्ष्यांबद्दल शिकलास ते त्यांना घाबरवायला?"

"हो ना. न शिकलेल्याला ते घाबरत नाहीत."

"दात काढू नकोस. आईला मला उत्तरं द्यावी लागतात."

एकदा तो तापानं पडला, तेव्हा रजेच्या अर्जावर सही घ्यायला मी त्याच्या खोलीवर गेलो होतो. तिसरा मजला, एक खिडकी, तीन खाटा, आणि दोरीवर तिघांचे वाळत घातलेले सदरे. तिघे एकाच वर्गातले. एक औषधकंपनीचा प्रतिनिधी झाला होता. डॉक्टरांच्या दारात किती हसायचं याची तो रोज सकाळी आरशासमोर तालीम करायचा. दुसऱ्यानं दुसऱ्या पदवीला नाव घातलं होतं, कारण विद्यार्थ्याला 'काय करतोस' असं कुणी विचारत नाही. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी म्हणे एका बँकेच्या फोनवर लोकांची गाऱ्हाणी ऐकत होती. चौघांचंही उत्तर 'सध्या' या शब्दानं सुरू व्हायचं. सध्या हे करतोय. सध्या इथे आहे. आमच्या वेळी नोकरी लागली की माणूस मार्गाला लागला, असं समजत. या मुलांना नोकरी लागते, पण ती जणू स्टेशनावरच्या बाकावर बसल्यासारखी. बूड टेकलेलं, पण डोळे गाडीच्या वाटेकडे.

त्याच्या खाटेच्या वर, भिंतीला, हातानं काढलेला एक नकाशा होता. उत्तरेच्या समुद्रातली सात-आठ खडकाळ बेटं. तिथे एका संशोधन संस्थेचं ठाणं आहे. दर वसंतात एक बोट जाते आणि वर्षभरासाठी दोन निरीक्षकांना सोडून येते. त्यांनी तिथे घरटी करणारे पक्षी मोजायचे, एवढंच काम. पदवी हातात पडताच यानं अर्ज केला होता. उत्तर आलं, 'अनुभव नाही.' म्हणून तो आमच्याकडे आला होता.

"काय आहे रे तिथे एवढं?" मी विचारलं.

तापानं त्याचे डोळे लाल झाले होते. "काही नाही, काका. वारा आहे, दगड आहेत. आणि तीन महिने इतके पक्षी, की पाऊल टाकायचं तर खाली बघून टाकावं लागतं." मग म्हणाला, "आणि त्यांना कुणी उठवत नाही."

आमच्याकडे त्यानं रोज एक तक्ता भरायचा असे. वेळ, जागा, संख्या, आकार, उपाय आणि शेवटी शेरा. आकारापुढे फक्त 'लहान' किंवा 'मोठा' लिहायचं. त्याच्या आधीचा माणूस वर्षानुवर्षं 'लहान, पाच, आवाज केला' असं लिहीत आला होता आणि शेरा कोरा ठेवत होता. हा पहिल्या दिवसापासून शेऱ्यात नावं लिहायला लागला. नावांपुढे आणखी काही. 'टिटवी, जोडी, पिल्लं दोन. पिल्लांना उडता येत नाही, म्हणून जीप थांबवून मागे चालत बाजूच्या चरापर्यंत नेली. नऊ मिनिटं लागली.'

साहेबांनी त्याला बोलावलं. "लहान की मोठा, एवढंच हवंय. त्यांच्या पत्रिका मांडू नका."

"साहेब, शेरा रिकामा राहतो."

"राहू दे की."

तो 'बरं' म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं, फक्त अक्षर बारीक केलं. हे तक्ते लावून ठेवायला माझ्याकडे येत. सुरुवातीला मी तारीख बघून लावत होतो. मग शेरा वाचून लावायला लागलो. कावळा आणि चिमणी यांच्यापलीकडे ज्याची ओळख गेली नाही अशा माणसाला, भिंगऱ्या कुठल्या आठवड्यात येतात हे ठाऊक झालं. एका वर्षी त्यांना सहा दिवस उशीर झाला, तर मी घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या नात्यातल्या आहेत का?"

दुसऱ्या अर्जाला उत्तर आलं, पक्षी हुसकावण्याचा अनुभव हा निरीक्षणाचा अनुभव धरता येत नाही. तिसरा अर्ज शेवटचा होता. पंचविशी ओलांडलेला उमेदवार ते घेत नाहीत, आणि याला पंचवीस पुरी व्हायला चार महिने उरले होते. तो साहेबांकडे गेला आणि म्हणाला, मी इथे निरीक्षण करतो असं लिहून द्या. साहेब वाईट नाहीत. म्हणाले, "अरे बाबा, आपण बघत नाही, हाकलतो. उद्या कुणी विचारलं की तुमचा माणूस पक्षी बघत बसतो का, तर मी काय उत्तर देऊ?"

तो माझ्या टेबलाशी येऊन नुसता उभा राहिला. मी म्हटलं, "दाखला नाही तर नाही. तक्ते आहेत ना? त्यांच्या नकला अर्जाला जोड."

साहेबांना मी रीतसर टिपण पाठवलं. त्यांनी त्यावर लिहिलं, 'कागद आपले, शेरे त्याचे. नकला देण्यास हरकत नाही.' सहाशे अकरा तक्ते निघाले. दोनला ड्यूटी संपली की तो यायचा, मी तारखेप्रमाणे लावून द्यायचो आणि तो नकला काढायचा. काम चार दिवसांचं होतं, अकरा लागले, कारण दर पाचव्या कागदाला तो थांबायचा. "काका, हा दिवस! धुकं होतं बघा, आणि ससाणा थेट पट्टीच्या दिव्यावर." दादा दारातून डोकावून म्हणाले, "टिटवीनं समुद्र आटवायला घेतलाय, आणि काका बादली धरून उभे."

उत्तर आलं. दोघांची निवड झाली होती आणि प्रतीक्षायादीत हा पहिला. दोघांपैकी कुणी माघार घेतली, किंवा वैद्यकीय तपासणीत कुणी अडलं, तर याला फोन येणार होता. बोट आमच्याच शहराच्या बंदरातून पंधरा तारखेला सकाळी अकराला सुटणार होती. धावपट्टीवर मोबाइल न्यायला बंदी, म्हणून त्यानं माझ्या टेबलाचा नंबर कळवला.

ते अठरा दिवस मी जेवायलासुद्धा टेबलावरच बसलो. त्याचा वॉकीटॉकीवरून एकच प्रश्न यायचा, "काका, काही?" आणि मी सांगायचो, "नाही." हे सगळं टॉवरमध्ये ऐकू जात असे. टॉवरच्या बाईंनी आधी त्याला दटावलं की हा चॅनेल कामाचा आहे. आठवडाभरानं त्याच विचारायला लागल्या, "काका, त्याला काय ते सांगा ना एकदाचं. आम्हालाही काम सुचत नाही."

पंधरा तारखेला तो भरलेली बॅग घेऊनच आला आणि ती माझ्या खुर्चीमागे ठेवली. बुटांची जोडी औषधवाल्या मित्राची, एक नंबर मोठी. ताईनं दोन स्वेटर पाठवले होते. तो जाणार म्हणून नव्हे, "परत आलास तरी थंडीत लागतीलच" म्हणून. दादांनी गाडी फाटकाशी तोंड करून लावून ठेवली होती. "फोन वाजू दे. पाऊण तासाची वाट, अर्ध्या तासात घालतो. भोंगा लावून नेतो."

नऊ वाजले, दहा वाजले. फोन चालू आहे ना, हे मी दोनदा रिसीव्हर उचलून पाहिलं. साडेदहाला दादा आत आले, घड्याळाकडे पाहून बाहेर गेले. अकरा वाजले. वॉकीटॉकीवरून आवाज आला नाही, आणि तेच जास्त जड गेलं.

अकरा दहाला मीच संस्थेला फोन लावला. एक बाई बोलत होत्या. "दोघेही चढले. बोट वेळेवर सुटली. आपण कोण?"

"त्याच्या ऑफिसातून बोलतोय. प्रतीक्षायादीतला पहिला."

त्या म्हणाल्या, "त्याचे तक्ते आम्ही सगळ्यांनी वाचले. टिटवीच्या पिल्लांचा तर मी दोनदा वाचला. पुढच्या वर्षी..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. वयाचा रकाना त्यांनीही पाहिला असणार. मी आभार मानले आणि फोन ठेवला.

हे चॅनेलवर सांगण्यासारखं नव्हतं. मी नियमाप्रमाणे पिवळं जाकीट चढवलं, टॉवरची परवानगी घेतली आणि पश्चिम टोकाकडे चालत गेलो. तो जीपला टेकून उभा होता. मला चालत येताना पाहून त्याला कळलं.

"अकराला?"

"अकराला."

"वारा बरा आहे," तो म्हणाला. "फार हलणार नाही बोट."

मीही त्याच्या शेजारी जीपला टेकलो. समोरच्या गवतात शंभर-सव्वाशे पक्षी पसरून चरत होते. पाठीवर सोनेरी ठिपके. "सोनचिखल्या," मी म्हणालो.

"ओळखलंत." तो खरोखर हसला. "चार दिवस झाले येऊन. पोट भरून घेतायत. आज-उद्या निघतील."

"कुठे?"

त्यानं हनुवटी उत्तरेकडे केली. मी काही विचारलं नाही, तरी म्हणाला, "हो, तिकडेच. बोटीला चार दिवस लागतात. यांनाही वाटेत थांबत थांबत तेवढेच लागतील. ते दोघं सामान लावत असतील, तेवढ्यात हे उतरतील."

वॉकीटॉकी खरखरला. सहा मिनिटांत विमान. त्यानं पिस्तूल काढलं, पण हात खालीच ठेवला. "दोन मिनिटं खाऊ देत. लांब जायचंय."

मी घड्याळाकडे पाहत होतो. त्यानं पाहिलं नाही, तरी बरोबर दोन मिनिटांनी हात वर केला. आवाज झाला. सगळे एकदम उठले, एकदा आमच्या डोक्यावरून वळले, पुन्हा वळले, आणि या वेळी गवताकडे न येता समुद्राच्या बाजूला लांब होत गेले. पट्टी मोकळी झाल्याचं त्यानं टॉवरला कळवलं, पट्टीकडे पाठ करून. मान तिकडेच.

आमच्या मागे विमान उतरलं, वळलं, थांबलं. शिडी लागली. माणसं सामान सावरत उतरायला लागली. मला आकाशात केव्हाचं काहीच दिसत नव्हतं.

"दिसतायत अजून?" मी विचारलं.

"हो," तो म्हणाला.