खाणीच्या पाण्यातले मासे

मेलेले मासे पाटीत घालून चार बाया ठाण्यात आल्या, ती सकाळ मी अजून विसरलेलो नाही. ठाणे अंमलदाराने नाकाला रुमाल लावला, तर बचत गटाची अध्यक्ष त्याच्यावरच डाफरली, "वास येतोय व्हय? मग आमचं काय झालं आसंल!"

माझ्या निवृत्तीच्या जरा आधीची गोष्ट. जुन्नर तालुक्यातल्या त्यांच्या गावची दगडखाण बंद पडली होती. खडी फोडणारी बरीच घरं ऊसतोडीला निघून गेली. उरलेल्या बायांनी खाणीत साठलेल्या पाण्यात जाळीचे दोन पिंजरे टाकून मासे पाळले. पहिला माल निघण्याआधीच खाणीत उतरायच्या वाटेजवळच्या पिंजऱ्यातले मासे मेले. दुसराही गेला असता तर याही घरांना गाव सोडावं लागणार होतं.

पंचनामा केला, पाण्याचे नमुने प्रयोगशाळेकडे पाठवले. दुपारी खबऱ्याचा फोन आला. आदल्या संध्याकाळी पाठीला फवारणीचा पंप लावलेला माणूस खाणीत उतरताना त्याने पाहिला होता, चेहरा दिसला नव्हता. खाणीला लागून टोमॅटो लावणारा बागाईतदार एकच, आणि पाण्यावरून त्याचं या बायांशी वाजलेलं. त्याला चौकशीला बोलावलं.

मी आवाज चढवला. खोटं बोलणारा बहुधा आधी शपथा घेतो. हा मात्र उखडला.

"सायेब, मी फवारा मारतच नाय. माणूस लावलाय. ह्या बायांच्याच घरचा हाये, इचारा की!"

माणूस निघाला अध्यक्षबाईंचा धाकटा दीर. पूर्वी खाणीत सुरुंगासाठी भोकं पाडायचा. काखेत कळसा नि गावाला वळसा! त्याला मी दरडावलं नाही. चहा दिला आणि दिवसभराचं काम विचारलं.

"फवारा मारला, पंप धुतला, घरी गेलो."

"धुतला कुठं?"

"खाणीत. आमी पयल्यापासनं हत्यारं तितंच धुतो की, सायेब…"

चहा तसाच ठेवून तो ढसाढसा रडायला लागला. खरं सांगतो, मलाही भरून आलं.

प्रयोगशाळेच्या अहवालात टोमॅटोवर फवारलेलं तेच औषध निघालं. वहिनीला विचारलं, तक्रारीचं काय करायचं? ती दिराकडे बघत म्हणाली, "तक्रार न्हाई. रडतंय काय, येड्या? उरलेला पिंजरा आता तूच राखायचा." चौकशीला बोलावल्याचा बागाईतदाराचा राग दोन दिवस टिकला. मग त्यानेच आपल्या बांधाला, खाणीपासून लांब, पंप धुवायची सोय करून दिली. दुसऱ्या पिंजऱ्यातले मासे नारायणगावच्या बाजारात गेले.

आम्ही पोलीस आधी वैर शोधतो. सवयीवर संशय घ्यायला मला त्या केसने शिकवलं. खाण एका हुकमाने बंद होते, हातांना ते कळायला वेळ लागतो. तेवढा वेळ त्या बायांनी आपल्या माणसाला दिला. परवा त्या वाटेने गेलो तेव्हा मुद्दाम गाडी थांबवली. त्या बायांच्या घरांपैकी एकाही दाराला कुलूप नव्हतं.