नानांची मुदत, झिंबाब्वेची घटना आणि माझा वर गेलेला हात

या ब्लॉगवर आजवर तुम्ही माझ्याबरोबर काश्मीर पाहिलंत, दुबई पाहिलीत आणि बँकॉकच्या बाजारात माझी हरवलेली चप्पलही शोधलीत. या खेपेस मुकुंदवाडी ते वैजापूर आणि तिथून थोडं पुढं आमचं गाव. अंतर शंभर किलोमीटरही नाही. हसू नका. सगळ्या सहलींत मिळून माझी जेवढी फजिती झाली नसेल तेवढी या एका रविवारी झाली, म्हणून लिहायला बसलो.

जायचं ठरलं नानांच्या फोनमुळं. नाना म्हणजे माझे थोरले चुलते. मी सहावीत असताना वडील गेले, तेव्हापासून नानांनीच मला वाढवलं. सायकलच्या नळीवर बसवून वैजापूरच्या हायस्कुलात त्यांनीच नेऊन घातलं. ते आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे अध्यक्ष आहेत, आणि त्या वाचनालयाची घटना लिहिली आहे मी. नुकताच राज्यशास्त्रात एम.ए. झालो होतो, अंगात लोकशाही सळसळत होती. कलम सहा: कोणाही व्यक्तीस सलग दोनच मुदती अध्यक्ष राहता येईल. नानांच्या दोन मुदती संपल्या तेव्हा मी घटना दुरुस्त करून दोनाच्या तीन केल्या. मग तीनाच्या चार. दोन्ही ठराव माझ्या हातचे आहेत आणि अक्षर फार सुंदर आलंय.

नाना फोनवर म्हणाले, "दिगू, रविवारी सभा हाय. दर खेपेला कुठं ठराव करीत बसायचं? आता एकदाच 'आजीव अध्यक्ष' करून टाक. चांगल्या भाषेत लिहून आण. अन् तुझ्या घरचा तो आफ्रिकेचा पाहुणा बी घेऊन ये. प्रमुख पाहुणा म्हणून बसवू, सभेला वजन येतं."

मी म्हणालो, "हो नाना." हे दोन शब्द मी सहावीपासून न चुकता म्हणत आलोय.

पाहुणा म्हणजे फराई, आमचा भाडेकरू. मूळचा झिंबाब्वेचा, तीन वर्षांपासून आमच्या वरच्या खोलीत राहतो आणि विद्यापीठात शिकतो. माझं आणि त्याचं बोलणं सगळं इंग्रजीत. त्याला गाव बघायचंच होतं, लगेच हो म्हणाला. माझी बायको शैला तेवढी म्हणाली, "त्याला ठरावाचं सांगितलं का?"

"त्याला काय करायचंय ठरावाचं?"

"तुम्ही कॉलेजात राज्यशास्त्रच शिकवता ना अजून?" असं विचारून ती डब्यात धपाटे भरायला गेली.

घराजवळचं मुकुंदवाडीचं स्टेशन लहान आहे. तिथून सकाळची पॅसेंजर धरा आणि रोटेगावला उतरा, वैजापूरचं स्टेशन तेच. तिकीट चहा-भज्यांपेक्षा स्वस्त पडतं. वेळ मात्र आदल्या दिवशी बघून ठेवा आणि वर अर्धा तास धरा. डाव्या-उजव्या खिडकीचा वाद घालू नका, उन्हाळ्यात दोन्हीकडून सारखंच भाजतं. दौलताबादचा किल्ला गेला तेव्हा मी फराईला तो दाखवला, पण त्याचं लक्ष मोबाईलमध्ये होतं.

त्याच्या देशात घटना बदलण्यावरून चर्चा पेटली होती. राष्ट्राध्यक्षांची मुदत पाच वर्षांची आहे, ती सात करावी आणि आत्ता खुर्चीवर आहेत त्यांनाही ती लागू व्हावी, असा प्रस्ताव. त्यावर लोकांची मतं मागवलेली. फराईचे वडील निवृत्त हेडमास्तर. त्यांचं म्हणणं, पाच वर्षांत काय होतं? निम्मा काळ निवडणुकीतच जातो, सुरू केलेली कामं पुरी होऊ द्या. बहीण उलट मताची. एवढा मोठा बदल करायचा तर सगळ्या देशाचं मतदान घ्या, म्हणे. जेवताना बापलेक एकमेकांकडं मीठसुद्धा मागत नव्हते. फराईनंही लेखी मत पाठवावं, असं दोघंही त्याला रोज सांगत होते, आणि अर्थातच आपल्या बाजूनं.

"मी बाबांच्या विरोधात कसं लिहू, सर? त्यांनीच मला लिहायला शिकवलं," तो म्हणाला.

आता मला कुणी असं विचारलं की मी बोलायचा थांबत नाही. लासूर स्टेशन येईपर्यंत मी त्याची सत्तेच्या मर्यादांवर पूर्ण तासिका घेतली. समोरच्या बाकावरच्या कांदेवाल्या बाईंनी ऐकून ऐकून डोळे मिटले. शेवटी मी म्हणालो, "हे बघ फराई, खुर्चीवर बसलेल्या माणसानं खुर्चीचा नियम बदलू नये. माया वेगळी, तत्त्व वेगळं." फराईनं वही काढून हे लिहून घेतलं. मला इतकं बरं वाटलं की मी त्याला आणखी एक धपाटा दिला. आजीव अध्यक्षपदाचा ठराव तेव्हा डब्याखालीच होता, माझ्या पिशवीत, निळ्या फाईलमध्ये.

रोटेगावहून वैजापूरला शेअर रिक्षा मिळते. वैजापुरात मार्केट यार्डाच्या बाहेर नाश्ता करा. पोहे बरे असतात, भजी फारच छान, चहा इतका गोड की जिभेला चिकटतो. फराई टपरीवाल्याशी काहीतरी बोलून हसत होता. हातवारे करून काम भागवत असेल, असं मी समजलो. तिथून गावापर्यंत जीप. बारा माणसं भरल्याशिवाय ती हलत नाही, तेव्हा घाईत असाल तर येऊच नका.

घरी मोठ्या आईनं, म्हणजे नानांच्या बायकोनं, बाजरीच्या भाकरी आणि पिठलं केलं होतं. फराईनं भाकरी मोडून पिठल्यात बुडवली आणि मला इंग्रजीत सांगितलं की त्याच्याकडं मक्याच्या पांढऱ्या पिठाची घट्ट उकड करतात, तीही अशीच हातानं मोडून पालेभाजीबरोबर खातात. तो चौथ्या भाकरीवर असताना मोठी आई माझ्या कानाशी आली.

"दिगू, तुला सांगितलं का? त्या सुरेखानं अध्यक्षपदाला नाव दिलंय. म्हणून तर यांची घाई चाललीय."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. सुरेखा म्हणजे वाचनालय रोज उघडणारी, झाडणारी आणि रजिस्टर ठेवणारी मुलगी. तिचे वडील अजून मेंढरं घेऊन चार-चार महिने फिरतीवर असतात. ती पदवीधर झाली आणि आता गावातल्या आठ-दहा मुलींकडून भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करून घेते. पुस्तकं कपाटात आहेत, कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली नानांच्या करदोट्याला. लोक पुस्तकं नेतात आणि परत आणत नाहीत, असं नानांचं म्हणणं, आणि ते अगदीच खोटं नाही. पण नाना शेतावर गेले की मुलींना वर्तमानपत्रावरच भागवावं लागतं. सुरेखा अध्यक्ष झाली तर किल्ली वाचनालयात राहिली असती. माझा ठराव झाला तर निवडणूकच होणार नव्हती. मी आणखी एक वाटी ताक मागितलं.

सभा दुपारी वाचनालयाच्या पडवीत भरली. फराईला फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. "झिंबाब्वेची टीम आजकाल दिसत नाय टीव्हीवर," मागून कुणीतरी तक्रार केली. मग प्रमुख पाहुण्यांचं भाषण. तो इंग्रजीत बोलणार, मी भाषांतर करणार, असं ठरलेलं.

फराईला आमच्या ठरावातलं काहीही माहीत नव्हतं. मनात जे चाललं होतं तेच तो भोळेपणानं बोलला: माझ्या देशात मुदत वाढवायची चर्चा चालू आहे, माझे वडील एकीकडं, बहीण दुसरीकडं, आणि मी मध्ये अडकलोय. नानांनी माझ्याकडं पाहिलं. सुरेखानंही पाहिलं. मी घसा साफ केला आणि भाषांतर केलं, "पाहुणे म्हणतात, त्यांच्या देशातही अनुभवी माणसाला जास्त काळ संधी द्यावी असं लोकांना वाटतं."

नाना खूश झाले. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. आणि फेट्याखालून फराई मराठीत म्हणाला, "नाही सर, मी असं नाही बोललो. तुम्ही उलटा सांगितला."

मंडळी, हा मुलगा तीन वर्षं शहागंजच्या बाजारात भाजी, कपडे, सायकलचे पार्ट सगळं घासाघीस करून घेत होता. त्याला मराठी येते हे आमच्या गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं, कारण मी त्याच्याशी बोलत नव्हतो, त्याला शिकवत होतो.

मग त्यानं वही उघडली. "सर आज गाडीत लई चांगलं बोलले. खुर्चीवर बसलेल्या माणसाने खुर्चीचा नियम बदलायचा नाही. माया वेगळी, तत्त्व वेगळं. सर ग्रेट आहेत."

नानांनी शांतपणे विचारलं, "दिगू, हे तू बोलला?"

"व्हय नाना," माझ्या तोंडून शाळेतला दिगू बोलला.

"बरं. ठराव वाच."

"ठराव... घरी राहिला वाटतं, नाना."

"नाही सर," फराई मदतीला धावला, "बॅगमध्ये आहे. निळी फाईल, वर 'ठराव' लिहिलंय. डब्याच्या खाली."

मी ठराव वाचला. 'आजीव' हा शब्द मी दोनदा ठळक केला होता. वाचून झाल्यावर नाना म्हणाले, "ज्यांना मान्य हाय त्यांनी हात वर करा." आधी आमच्या भावकीचे हात गेले, मग बाकीच्यांचे, एकमेकांकडं बघत. नाना माझ्याकडं पाहत होते. त्या नजरेत दरारा असता तर बरं झालं असतं. हायस्कूलच्या फाटकापाशी मला सोडून, मी आत जाईपर्यंत सायकल धरून उभे राहायचे तेव्हा ते असेच बघायचे. त्या मायेनंच माझा हात वर गेला, आणि गेल्या गेल्या मला स्वतःची लाज वाटली.

"विरोध?"

सुरेखा उभी राहिली. तिच्याबरोबर अजून चार जण. "माझा विरोध हाय नाना. तुमच्याबद्दल काय नाय म्हणायचं मला, वाचनालय तुम्हीच उभं केलंय. पण विरोध लिहून घ्या. सर, पाहुण्यांनी सांगितले तेच शब्द लिहा."

ठराव बहुमतानं पास झाला, आणि इतिवृत्त लिहायचं काम माझंच. खुर्चीवर बसलेल्या माणसानं खुर्चीचा नियम बदलू नये, हे माझं वाक्य मी सुरेखाच्या नावावर लिहिलं. अक्षर याही वेळी सुंदर आलं.

परतीला वैजापूरहून एस.टी. घेतली. गाड्या भरपूर आहेत, जागा मिळाली तर खिडकी घ्या आणि डोळे मिटून बसा, म्हणजे सोबत्याशी बोलावं लागत नाही. फराईनं वाटेत एकच प्रश्न विचारला. किल्ली आता कुणाकडं राहणार? मी म्हणालो, नानांकडं. शैलानं दार उघडलं, माझं तोंड पाहिलं आणि पाणी आणून दिलं.

आठवड्यानं फराईनं मला त्याचं लेखी मत वाचायला दिलं. विरोधात होतं. ते वाक्य त्यात होतं, पण खाली लिहिलं होतं: भारतातल्या एका खेड्यातल्या ग्रंथपाल बाईंचं मत.

"फराई, हे तर मी..."

"हो सर. तुमचंच नाव लिहिणार होतो," तो अगदी नम्रपणे म्हणाला, "पण तुमचा हात वर होता."

वडिलांना त्यानं वेगळं पत्र लिहिलं होतं. बाबा, माझी तुमच्यावर माया आहे आणि माझं मत तुमच्या विरोधात आहे, अशी सुरुवात. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात होत्या. पाचव्या दिवशी वडिलांचा फोन आला आणि त्यांनी विचारलं, तिकडं जेवण बरं मिळतं का.

तर आमच्या गावाला जरूर जा. वाचनालय सकाळ-संध्याकाळ उघडं असतं, सुरेखा तिथं भेटेल. कपाट मात्र काचेतूनच बघावं लागेल.

माझा हा ब्लॉग जगात सगळ्यात आधी एकच माणूस वाचतो. चष्मा पुसून, मोबाईल लांब धरून वाचतो आणि लगेच फोन करतो. बँकॉकच्या चप्पलेवर तो पंधरा मिनिटं हसला होता. म्हणून हे इथंच लिहितो. नाना, माझी तुमच्यावर माया आहे, आणि कलम सहावर माझं मत तुमच्या विरोधात आहे. रविवारी परत येतोय. इतिवृत्ताची वही काढून ठेवा, सुरेखाच्या नावाखाली माझं नाव घालायचं आहे.