पाठ असूनही पाहणारी सिस्टर

"पुस्तक मिट बे, अर्जनवीस. सातवी नापासाला ते शोभत न्हाई. पाठ नसंल तर टेबल उचल."

तहसीलच्या फाटकाशी, माझ्या टेबलासमोर उभे राहून एका वकिलाने हे उद्गार काढले. चार पक्षकार हसले. नियम पाहण्यासाठी मी पान उलटले होते, एवढाच अपराध. त्याच्या स्वतःच्या कचेरीत भिंतभर पुस्तके. ती विद्वत्ता. माझे एक, ते अज्ञान.

त्या दिवशी मी पुस्तक मिटले. त्यानंतर बारा वर्षे प्रत्येक अर्ज तोंडपाठ लिहिला. लोक थक्क होत. त्यावरच मी जगलो.

मागील महिन्यात पत्नीस सरकारी दवाखान्यात दाखल केले. तेथील सिस्टर दिंद्रुडकडच्या मेंढपाळाची मुलगी. पत्नीच्या औषधाची बाटली हाती घेऊन ती थांबली आणि मोबाईलमध्ये मात्रा पाहू लागली.

शेजारच्या रुग्णाच्या भावाने टोमणा मारला, "सिस्टर, इतकी वर्सं झाली, अजून पाठ न्हाई व्हय?"

"पाठ हाय की, दादा. तरी बघते. तुमाला घाई हाय, का बाईला बरं करायचंय?"

सारा वॉर्ड हसला. तिला नव्हे, त्याला. डॉक्टरसाहेबसुद्धा ती पाहीपर्यंत थांबून राहिले. माझ्या पत्नीने तिला हात जोडले.

मी जळलो. स्पष्ट लिहितो, जळलो. तिने सर्वांदेखत पाहावे आणि तिचा मान वाढावा. मी पाहिले तर टेबल उचलावे?

तो भाऊ चिडून माझ्याकडे आला. "काका, तुमी अर्ज लिवता ना? हिची तक्रार ठोका."

तत्काळ कागद काढला. 'सदर परिचारिकेस औषधांचे ज्ञान नसून ती मोबाईल पाहून रुग्णांच्या जिवाशी खेळते.' वाक्य उत्तम उतरले. मी ते मोठ्याने वाचले.

पत्नी खाटेवरून म्हणाली, "मांजरसुंब्याच्या फळवालीचा अर्ज तीनदा वापस आला. तवा तुमी बघून लिवलं व्हतं का?"

लेखणी थांबली.

ती फळवाली विधवा. निराधारांच्या मासिक सरकारी पगारासाठीचा तिचा अर्ज मी मला पाठ असलेल्या नमुन्यात लिहिला. नमुना केव्हाच बदलला होता. "भाऊ, पुन्ना वापस कावून आला?" असे तिने विचारले, तेव्हा मी म्हणालो, "साहेब लोक गरिबाचं ऐकत न्हाईत, भाबी." धादांत खोटे. तिचा पगार साहेबाने नव्हे, मी अडवला होता.

तक्रार फाडली.

"कावून फाडली?" तो भाऊ म्हणाला. "ती तुमची पाव्हणी हाय का?"

"न्हाई. तिचं बरोबर हाय."

सिस्टरविषयीचा मत्सर अद्याप गेलेला नाही. तो मी लपवत नाही. परंतु उद्या मांजरसुंब्यास जाऊन, गिऱ्हाइकांदेखत, त्या बाईस सांगणार आहे की चूक माझी होती. तिचा अर्ज त्याच फाटकाशी, नवा नियम समोर उघडा ठेवून, एकेक ओळ ताडून लिहीन. वकिलाने खुशाल हसावे. माझ्या पाठांतराचा भुर्दंड यापुढे दुसऱ्या कोणी भरायचा नाही.