धोतराच्या निऱ्या

राज्यं नव्यानं आखली गेली त्या साली, छप्पनच्या दिवाळीनंतर, मध्य प्रदेशातच राहिलेल्या बऱ्हाणपुरातल्या एका मराठी शाळेच्या मास्तरांना हिंदीची परीक्षा लागली. बाजारातली हिंदी त्यांतल्या राजपुरा मोहल्ल्याच्या वामन मास्तरांना लहानपणापासून येत होती. अनोळखी माणूस समोर आला की इथं तोंडातून हिंदीच निघते. ही पुस्तकातली हिंदी मात्र वेगळी. तिच्या पाठांतराच्या दिवसांत मास्तर भर वर्गात 'खडू' हा शब्दच विसरले.

"दोन भाषांच्या भांडणात बिचारा खडू मेला," शेजारचे यादव मास्तर म्हणाले. वामन मास्तरांची बायको सुनंदा, तीही हसली.

मग मास्तर शाळेची वाट चुकले. सुनंदानं हेडमास्तरांना गाठून परीक्षेतून सूट मागितली. ती मिळाली. हिंदीची पुस्तकं तिनं माळ्यावर टाकली आणि वाट पाहू लागली. डोक्यावरचं ओझं उतरलं, आता आपला माणूस परत येईल.

चैत्रात एका सकाळी मास्तर धोतराचा सोगा धरून नुसते उभे होते. बोटं एक निरी घालायची, दुसरीपाशी पहिली सोडायची. सुनंदा दारातून पाहत राहिली. निऱ्यांना हिंदी कुठे लागते?

नागपूरच्या डॉक्टरांनी तासभर तपासलं.

"बाई, या आजारात मेंदूच्या पेशींबाहेर कसलेसे गठ्ठे साचतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात, पण माणूस गेल्यावरच."

"काढता येत नाहीत?"

"नाही."

"हिंदीच्या ताणानं झालं का हो?"

"हिंदीचा काही दोष नाही."

दोष द्यायला हिंदी होती तोवर तिला आशा होती.

ते गठ्ठे प्रथिनांचे, हे पुढं कित्येक वर्षांनी शास्त्रज्ञांना उमगत गेलं. प्रत्येक प्रथिनाची आपली एक घडी असते. ती चुकली की ते आपल्यासारख्याच चुकलेल्याला चिकटतं. पेशींमधल्या जागेत गाळ बसत जातो, शेजारच्या पेशी एकमेकींशी बोलेनाशा होतात, वाळतात. सुनंदाला हे कुणी सांगितलं नाही. कळून तरी तिनं काय केलं असतं.

रोज सकाळी तीच त्यांच्या निऱ्या घालून देई. एके दिवशी निऱ्या खोचताना मास्तरांनी तिचा हात अदबीनं बाजूला केला.

"बाई, किसके यहाँ से आई हो?"

सुनंदानं सुटलेली निरी पुन्हा चिमटीत धरली.

"यहीं से, मास्टरजी," ती म्हणाली.