लाल पाण्यातला ठिपका

घरात तिला सगळे मुंगी म्हणायचे. एकदा काम हातात घेतलं की तडीला नेल्याशिवाय उठायची नाही, म्हणून. ती डॉक्टरेटला लागल्यावर दादा कौतुकानं सांगायचा, "लोक कोंबड्या पाळतात, आमची मुंगी जंतू पाळते."

दादा कापड रंगवणाऱ्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचा. तिथलं लाल पाणी नदीत जात होतं आणि सरकारी खात्यानं शेवटची ताकीद दिली होती, पाणी स्वच्छ करा नाहीतर टाळं लावा. मुंगीनं प्रयोगशाळेत घडवलेला जंतू नेमका तोच रंग खायचा. संशोधन बाहेरच्या एखाद्या खऱ्या अडचणीवर लावून दाखवणं अभ्यासक्रमात सक्तीचंच होतं, तेव्हा तिनं दादाचा कारखाना निवडला.

जंतू मोकाट सुटू नये म्हणून तिनं त्याला वेसण घातली होती. एक ठरावीक खाद्य मिळालं तरच तो जगायचा आणि ते खाद्य प्रयोगशाळेबाहेर कुठंच नव्हतं. कारखान्याच्या टाकीतून चुकून नदीत गेलाच, तर उपाशी मरणार.

कारखान्यातल्या चाचणीच्या आदल्या दिवशी तिनं शेवटची तपासणी केली. जंतू सोडून खाद्य न घातलेल्या काचेच्या बशा कोऱ्या असायला हव्या होत्या. एका बशीच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका दिसला.

"हवेतलं काहीतरी पडलं असेल," शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. "फेकून दे. उद्या मालक येणार, खात्याचे साहेब येणार. आता कशाला घोडं अडवतेस?"

तिलाही तेच खरं असावं असं वाटत होतं, पण बशी टाकायला हात धजेना. तिनं ठिपका सुईनं उचलून कारखान्याच्या लाल पाण्याच्या बाटलीत सोडला, खाद्याचा कणही घातला नाही, आणि घरी आली. दादा शर्टाला इस्त्री करत होता. "उद्या मालक मला पुढं उभं करणार आहेत," तो म्हणाला. "मुंगीचा भाऊ म्हणून."

सकाळी बाटलीतलं पाणी फिकट गुलाबी झालं होतं. जंतू न घातलेली शेजारची बाटली होती तशीच लाल. जंतू तिचाच होता आणि त्यानं वेसण तोडली होती.

तेवढ्यात दादाचा फोन आला. "अगं, कुठं आहेस? टाकी भरून तयार आहे."

"येते," एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला आणि ती मार्गदर्शक मॅडमच्या खोलीत गेली.

मॅडमनी बाटली खिडकीशी धरली. "तुझा अर्धा प्रबंध यावर उभा आहे."

"हो, मॅडम."

"आणि भाऊ तिथंच कामाला आहे."

"हो."

मॅडमनी बाटली टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "थांबवायचं. पण तिथं जाऊन तू स्वतः सांग."

टाकीपाशी सगळे जमले होते. तिचं ऐकून मालकाचा चेहरा उतरला. "अब्जावधींत एखादा निसटला, तर काय जगबुडी होणार आहे?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "म्हणूनच सोडता येत नाही. एकदा नदीत गेला की हाक मारून परत बोलावता येत नाही."

खात्याच्या साहेबांनी तिच्या म्हणण्याला मान डोलावली. इस्त्रीच्या शर्टातला दादा मालकाशेजारी खाली बघत उभा होता.

महिनाअखेरीला कारखान्याला टाळं लागलं. दादा तिच्याशी थेट बोलेनासा झाला. समोर बसलेली असली तरी आईला म्हणायचा, "तिला सांग, दार लावून घे." पुढं त्याला एका इस्पितळाच्या धुलाईघरात बॉयलरचंच काम मिळालं.

मुंगीनं जंतूला दुसरी वेसण घालायला घेतली. त्यात वर्ष गेलं. या खेपेला बशा पुन्हा पुन्हा तपासूनही कोऱ्याच राहिल्या. बंदिस्त टाकीत चाचणी झाली, पाणी निवळलं, आणि निम्म्या कामगारांवर कारखाना सुरू झाला. मालकानं निरोप धाडला, पण दादा परत गेला नाही.

तिच्या तोंडी परीक्षेला मात्र तो आला, कामाच्याच कपड्यात, आणि मागं बसला. पहिली चाचणी का थांबवली, असं परीक्षकांनी विचारलं. तिनं काही न लपवता सांगितलं.

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "थांबवलंस ते बरोबरच होतं. पण सकाळी मी फोन केला तेव्हाच मला सांगायचं होतंस. चारचौघांत कळलं मला."

हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. "चुकलं माझं, दादा."

"हं," तो म्हणाला. "चल, आई वाट बघत असेल."