अनंतरावांच्या गुडघ्यातला कोंबडा

तर सुई अजून डॉक्टरांच्या हातातच होती. काल तिथंच चहा आला अन् गोष्ट अडकली. अनंतराव दवाखान्यातल्या टेबलावर आडवे, विजारीचा उजवा पाय मांडीपर्यंत गुंडाळलेला, गुडघ्यावर औषधाचा पिवळा डाग. मी शेजारी त्यांचा चष्मा धरून उभा. डॉक्टर सुई टेकवणार, तेवढ्यात अनंतराव म्हणाले, "थांबा. माल कशाचा आहे?"

हा त्यांचा जुना स्वभाव. चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात ते स्टोअरचे कारकून, अन् मी त्यांच्या हाताखाली ओझी उचलणारा, शेंद्र्याचा मेंढरंवाला. बावीस वर्षं बघितलं, नाव वाचल्याशिवाय त्यांनी एक खिळा आत घेतला नाय. डब्यावर एका बेरिंगचं नाव अन् आत दुसरंच निघालं, तर असे कडाडायचे, की रस्त्यावरचा रिक्षावाला ब्रेक मारायचा.

डॉक्टर भला माणूस. म्हणाला, "काका, सांध्यात नैसर्गिक वंगण असतं, तुमचं आटलंय. हे तेच वंगण, हायलुरॉनिक अ‍ॅसिड. गुडघा नवा होणार नाही, पण काही महिने दुखणं कमी राहील. सगळ्यांनाच गुण येतो असंही नाही."

"ते समजलं. बनतं कशापासून?"

"हे कोंबड्याच्या तुऱ्यापासून."

अनंतरावांनी विजार खाली ओढली. चातुर्मासात कांद्याला न शिवणारा माणूस! माझ्या डब्यात अंडं असलं, की खिडकीकडं तोंड करून जेवायचे. मला हसू आवरेना. आमच्याकडं तुरा कुत्र्यापुढं टाकतात, अन् इथं त्याचा केवढा मान.

पण हसून सोडावं असं प्रकरण नव्हतं. वैशाखात उमाचं लग्न होतं, एकुलत्या एक लेकीचं. कन्यादानाला पाटावर मांडी घालून दीड तास बसायचं, अन् ह्यांना तर दोन पायऱ्या उतरताना आई आठवायची. खुर्ची घ्यावी, तर ती वाट त्यांनीच बंद केलेली. दोन वर्षांमागं एका सोयऱ्यानं खुर्चीवर बसून कन्यादान केलं, तेव्हा हे भर मांडवात म्हणाले होते, "मग फोनवरूनच का नाही उरकलंत?" आता वैजापूरचे धाकटे भाऊ व्यंकटराव निरोपावर निरोप धाडत होते, "दादा, तुझ्या जागी मी बसतो." बिचारे प्रेमानंच म्हणत होते. पण तो निरोप आला, की अनंतरावांचा चेहरा उतरायचा. "मुलगी माझी, अन् हात दुसऱ्यानं द्यायचा?"

आता ह्या माणसाची दुसरी बाजू सांगतो, त्याबिगर मजा कळायची नाय. आमच्या स्टोअरात माल न्यायला भिकन साळवे यायचा. फिटर होता. नामांतराच्या लढ्यात तो सत्याग्रहाला गेला, अकरा दिवस जेलात राहून आला. त्याच्या मावशीचं घर त्या वेळच्या दंगलीत जळालं. अनंतराव काळजाचे वाईट नव्हते. भिकनची ती गैरहजेरी त्यांनीच साहेबाशी भांडून रजेत बसवली. पण वाद निघाला, की त्यांचं एकच पालुपद, "अरे, विद्यापीठाचं नाव बदलून फरक काय पडतो? इमारत तीच, पुस्तकं तीच."

भिकन शांतपणे बेरिंगचा डबा उचलायचा. "मग ह्याच्यावरचं नाव बदलू का, भाऊसाहेब?"

"ते वेगळं!"

"व्हय, लई वेगळं," म्हणायचा अन् माल घेऊन चालू लागायचा.

अशी सोळा वर्षं गेली. चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला नाव बदललं, भिकननं अख्ख्या कारखान्यात पेढे वाटले. अनंतरावांनी पेढा खाल्ला, दुसरा मागून घेतला अन् म्हणाले, "गोड आहे. पण फरक काय पडला?"

त्याला सहा वर्षं झाली, अन् आता हा कोंबडा. सुई न घेताच आम्ही घरी आलो. कालिंदीवहिनींनी सगळं ऐकून घेतलं अन् पिशवीतलं औषधाचं खोकं काढून ह्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"ह्याच्यावर कोंबडा लिहिलाय का?"

"नाही. सोडियम हायलुरोनेट लिहिलंय."

"मग कोंबडा आला कुठून?"

अनंतरावांनी खोकं चारी बाजूंनी वाचलं, गेटवर आलेला माल तपासावा तसं. चहा निवून गेला. शेवटी घसा खाकरून म्हणाले, "बरोबर आहे तुझं. नाव बदललं, की वस्तू बदलते."

माझ्या हातातली कपबशी पडता पडता राहिली. त्यांच्या ते ध्यानात आलं. "त्रिंबक, हे भिकनला सांगायचं नाही."

"नाय बा," म्हणलं मी. अन् मी काय चुगलखोर हाय का? आता कोपऱ्यावर भिकनच भेटला, अन् "भाऊसाहेबांचा गुडघा कसा हाय?" असं त्यानंच विचारलं, तर मोठ्या माणसानं खोटं बोलावं का?

आठवड्याला एक, अशा तीन सुया झाल्या. दुसरीपर्यंत काहीच फरक नाय. "कोंबडा आरवत नाही अजून," असं वहिनी म्हणायच्या, अन् हे उठून दुसऱ्या खोलीत जायचे. तिसरीनंतर महिन्याभरानं एक दिवस आईला न बोलावता जिना उतरले. डॉक्टरांनी बजावलं, "लग्नापुरती मांडी घाला. पुन्हा घातलीत तर माझ्याकडं येऊ नका."

लग्नात अनंतराव पाटावर बसले. पाऊण तासानं घाम फुटला, तरी हलले नाहीत. उमाच्या हातावरून पाण्याची धार सोडली, ती शेवटपर्यंत तुटली नाय. धार संपली अन् भटजी तूप बघायला आत गेले. तेवढ्यात भिकन अक्षता टाकायच्या निमित्तानं पुढं आला, वाकला अन् कानाशी म्हणाला, "भाऊसाहेब, फरक काय पडला?"

मला वाटलं, आता कडाडतात. अनंतरावांनी एकदा उमाकडं बघितलं, एकदा आतल्या दाराकडं बघितलं. मग भिकनचं मनगट धरून त्याला जवळ ओढलं अन् म्हणाले,

"पडतो रे बाबा, फरक पडतो. सोळा वर्षं मीच चुकलो. पण आता हळू बोल, भटजींना गुडघ्यातला कोंबडा कळला तर कन्यादान पुन्हा करायला लावतील."