सुमन सिस्टर बोलायच्या

सुमन सिस्टर व्हिडिओशी बोलायच्या. आमच्या दवाखान्याच्या ट्रेनिंग रूममध्ये मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा पडद्यावरच्या डॉक्टरीणबाई नवजात बाळाचा श्वास कसा मोजायचा ते सांगत होत्या आणि सिस्टर त्यांना अडवत होत्या, "व्हय, पण बाळ रडत आसंल तवा कसं मोजायचं? ते सांगा की!" डॉक्टरीणबाई अर्थातच पुढे निघून गेल्या. सिस्टर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लई घाईत हाय ही बाई."

नर्सेसच्या ऑनलाइन कोर्सची व्यवस्था माझ्याकडे होती. कोण किती वेळात धडा संपवतं याचे तक्ते मी हौसेनं काढायचो. काहीजणी चित्रं बघून शिकत, काही मुकाट्यानं टिपणं काढत. सिस्टर मूळच्या मोडनिंबच्या, शुक्रवार पेठेत राहणाऱ्या, बाळांच्या वॉर्डात वीस वर्षं काढलेल्या. प्रत्येक ओळ त्या मोठ्यानं वाचत आणि मग स्वतःलाच समजावून सांगत. शेजारच्या बायका वैतागायच्या. मी टोकलं की म्हणायच्या, "तोंडातनं गेल्याबिगर माज्या डोक्यात जात न्हाय, सर." मला ती अडाणी सवय वाटायची. आज हे लिहिताना लाज वाटते.

परीक्षा मात्र गप्प बसून द्यायची होती. कॅमेरा चेहऱ्यावर रोखलेला. ओठ हलले की ताकीद, आणि तिसऱ्या ताकिदीला पेपर बंद. नापास होणारीची बदली वॉर्डातून केसपेपरच्या खिडकीवर होणार, असं पत्रच निघालं होतं. पहिल्या खेपेला सिस्टरांचा पेपर तिसऱ्या प्रश्नालाच बंद पडला. आता एकच संधी उरली होती. त्या बाहेर येऊन बाकावर बसल्या. "सर, मला खिडकीवर नका बसवू. बाळांबिगर मी काय करू?" एवढंच म्हणाल्या.

उपाय मी काढला, आणि त्याचा मला फार अभिमान होता. पाणी प्यायला बंदी नव्हती. तोंडात पाण्याचा घोट धरून बसायचं, म्हणजे ओठ आपोआप मिटलेले राहतात. सरावाच्या पहिल्या दिवशी त्यांना रोजच्या कामातली उत्तरंही येईनात. गाल फुगवून त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मी म्हणालो, "पुन्हा." असं पंधरा दिवस, रोज ड्युटी संपल्यावर. शेवटी गप्प राहून त्यांना उत्तरं सुचायला लागली.

परीक्षेच्या दिवशी मी काचेबाहेर उभा होतो. दहा मिनिटांत पहिली ताकीद आली. घोट गिळताना ओठ हलले होते. दुसरी कशामुळे आली ते मला कळलंच नाही, पडद्यावरची लाल खूण तेवढी दिसली. अजून निम्मा पेपर बाकी होता. सिस्टरांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. पुसायला हात वर आला आणि तसाच खाली गेला. शेवटचं उत्तर दाबून त्या उठल्या, बेसिनपाशी जाऊन पाणी थुंकल्या आणि तिथंच रडल्या. दोन गुणांनी पास झाल्या. मी पेढे वाटले.

महिन्यानं प्रमाणपत्र आलं. ते द्यायला मी वॉर्डात गेलो, तर नुकतंच जन्मलेलं बाळ टेबलावर होतं. सिस्टरांनी त्याच्या मांडीत इंजेक्शन दिलं आणि काही न बोलता दुपटं आणायला वळल्या. तेवढ्यात दुसऱ्या नर्सनं, रेश्मानं, तेच इंजेक्शन भरून बाळाची मांडी धरली.

"थांब! दिलंय!" सिस्टर ओरडल्या. सुई मांडीपासून वीतभर अंतरावर होती.

रेश्मानं सुई मागे घेतली. "सिस्टर, तुमी बोलला न्हाय की! तुमी 'दिलं' म्हणला न्हाय, म्हंजी दिलं न्हाय. आमी सगळ्या तसंच धरतो. महिना झालं, तुमी बोलतच न्हाय!"

वीस वर्षं तो वॉर्ड त्यांच्या आवाजावर चालला होता. कागदावर नोंद नंतर व्हायची, आधी सिस्टर बोलायच्या. गप्प राहायची सवय लावून तो आवाज मी बंद केला होता. सिस्टरांनी माझ्या हातातलं प्रमाणपत्र घेतलं आणि न बघताच खिशात घातलं. "सर, तुमची परीक्षा झाली. आता मला बोलू द्या," म्हणाल्या.

गेल्या वर्षी त्या निवृत्त होऊन मोडनिंबला गेल्या. आता रेश्माची परीक्षा जवळ आली आहे, आणि सिस्टरांच्या हाताखाली राहून तिचेही ओठ हलतात. या वेळी मी पाण्याचं नाव काढलं नाही. ज्यांना मोठ्यानं वाचून उमगतं त्यांना तशी मुभा द्या, असा अर्ज लिहिला आणि सिस्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, "धाडायच्या आदी एकदा मोठ्यानं वाचा. मला ऐकू द्या."

मी वाचू लागलो. 'एक परिचारिका गप्प राहिल्यामुळे अनर्थ ओढवणार होता' या ओळीपाशी माझाच आवाज अडला. मनातल्या मनात ती ओळ मी चार वेळा वाचली होती, तेव्हा काही खटकलं नव्हतं. मी ती ओळ खोडली आणि एकेक शब्द मोठ्यानं म्हणत नवी लिहिली: 'त्यांना गप्प राहायला मी शिकवलं.'

"हां," सिस्टर म्हणाल्या. "आता धाडा."